हे पोटॅशियम कुणाचे? प्रावरणातून वर आलेल्या दगडांची रासायनिक उलटतपासणी

काळा बेसाल्ट फोडावा आणि आत मुठीएवढा हिरवा, दाणेदार गोळा निघावा, असे जगात काही ठरावीक ठिकाणीच घडते. अ‍ॅरिझोनातील सॅन कार्लोस, न्यू मेक्सिकोतील किलबोर्न होल, जर्मनीतील आयफेल, कॅनरी बेटांपैकी लान्झारोटे, ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया, कच्छमध्ये भुजच्या आसपासच्या अल्कली बेसाल्टच्या (सोडियम-पोटॅशियम जास्त असलेल्या बेसाल्टच्या) टेकड्या ही त्यांतली काही नावे. हा हिरवा गोळा त्या लाव्ह्यातून घट्ट झालेला नसतो. तो पृथ्वीच्या प्रावरणाचा, म्हणजे कवचाखालच्या थराचा तुटलेला तुकडा असतो. वर येणाऱ्या शिलारसाने तो वाटेत उचललेला असतो. भूवैज्ञानिक त्याला झेनोलिथ म्हणतात. दुसऱ्याच्या घरात मुक्कामाला आलेला पाहुणा दगड, असा त्याचा सरळ अर्थ.

हातातल्या भिंगातूनही त्याची घटक खनिजे वेगळी ओळखता येतात. सर्वांत जास्त, साधारण ५५ ते ७० टक्के, पोपटी-पिवळसर ऑलिव्हिन. त्याखालोखाल २० ते ३० टक्के तपकिरी ऑर्थोपायरॉक्सिन. मग ५ ते १५ टक्के क्लायनोपायरॉक्सिन, जे क्रोमियममुळे पाचूसारखे गडद हिरवे दिसते. आणि अधूनमधून स्पिनेलचे काळे ठिपके. या मिश्रणाच्या खडकाला पेरिडोटाइट म्हणतात. तो आणखी खोलून, साधारण ७०-८० किलोमीटरच्या खालून आला असेल, तर स्पिनेलच्या जागी लालसर गार्नेट येते.

प्रावरणाचा असा प्रत्यक्ष नमुना हाती लागणे ही फार मोठी गोष्ट आहे. माणसाने खोदलेले सर्वांत खोल छिद्र १२ किलोमीटरच्या थोडे पुढे जाऊन थांबले. इथे मात्र ५०, ६०, कधी २०० किलोमीटर खोलीवरचा दगड कुठलेही यंत्र न वापरता जमिनीवर येऊन पडलेला असतो. पण तो जसा तिथे होता तसाच इथे पोचला आहे, असे गृहीत धरले की चुका सुरू होतात. या दगडाच्या रसायनात तीन वेगवेगळ्या काळांत ढवळाढवळ झालेली असते. पहिली प्रावरणातच, उद्रेकाच्या कितीतरी आधी. दुसरी वर येतानाच्या काही तासांत किंवा दिवसांत. तिसरी जमिनीवर, पाऊस आणि भूजल यांच्या संगतीत. नमुन्यात जास्तीचे पोटॅशियम सापडले, तर ते या तिघांपैकी कुणी घातले? या एका प्रश्नाचे उत्तर चुकले, तर पुढचा सगळा निष्कर्ष वाया जातो.

एका टक्क्याने काय बिघडते

हा प्रश्न इतका नाजूक का, हे आकड्यांतून लगेच कळते. समजा, आपल्याकडे एक स्वच्छ पेरिडोटाइट आहे. त्यात मॅग्नेशियम ऑक्साइड ४२ टक्के, पोटॅशियम ऑक्साइड ०.००५ टक्के, लँथनम दशलक्षात ०.२ भाग आणि यटर्बियम दशलक्षात ०.३ भाग (दोन्ही विरल मृदा मूलद्रव्ये, पहिले हलके, दुसरे जड). त्याला वर आणणारा शिलारस बॅसनाइट या अल्कलीसंपन्न जातीचा आहे. त्यात मॅग्नेशियम ऑक्साइड १० टक्के, पोटॅशियम ऑक्साइड २ टक्के, लँथनम दशलक्षात ५० भाग आणि यटर्बियम २ भाग. हा शिलारस दाण्यांच्या फटींतून फक्त १ टक्का आत झिरपला, असे धरू.

मॅग्नेशियम ऑक्साइड ४२ वरून ४१.७ होईल. एवढा फरक एकाच टेकडीवरच्या दोन दगडांतही असतो, कुणाला संशय येणार नाही. यटर्बियम ०.३ वरून ०.३२. तेही जवळपास जागच्या जागी. पण लँथनम ०.२ वरून ०.७ वर जाईल, म्हणजे साडेतीन पट. पोटॅशियम ऑक्साइड ०.००५ वरून ०.०२५ वर, म्हणजे पाच पट.

आता गंमत अशी की, प्रावरणातच घडणाऱ्या खऱ्या रासायनिक बदलाची खूणही अगदी हीच आहे: मुख्य घटक जसेच्या तसे, आणि लँथनमसारखी हलकी विरल मृदा मूलद्रव्ये मात्र वाढलेली. शिवाय तेवढेच पोटॅशियम दुसऱ्या मार्गानेही येऊ शकते. फ्लोगोपाइट या मॅग्नेशियमयुक्त अभ्रकात साधारण १० टक्के पोटॅशियम ऑक्साइड असते. दगडात फ्लोगोपाइट ०.२ टक्के असले तरी पोटॅशियम ऑक्साइड ०.०२ टक्क्यांनी वाढते. ०.२ टक्के म्हणजे पाचशे दाण्यांत एक. सूक्ष्मदर्शकाखालच्या एका पातळ कापात तो एक दाणा नजरेतून सहज सुटतो.

म्हणून अख्खा दगड दळून केलेल्या पृथक्करणाचा तक्ता एकटा पुढे ठेवला, तर त्यावरून काहीच ठरवता येत नाही. खडक कसा दिसतो, कुठला दाणा कुणाला चिकटला आहे, हे पाहिल्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ नाही. या विषयात सर्वांत जास्त फसगत इथेच झालेली आहे.

शेवटचा थर आधी सोलायचा: पाणी

तपासणी उलट्या क्रमाने करावी लागते. सर्वांत शेवटी घडलेला बदल सर्वांत वर असतो.

ऑलिव्हिनला पाणी मानवत नाही. ते तयार होते हजार अंशांच्या आसपास आणि प्रचंड दाबाखाली. जमिनीवर ते टिकते ते केवळ रासायनिक क्रिया सावकाश होतात म्हणून. गरम पाणी मिळाले की त्याचे सर्पेंटाइन होते आणि उरलेल्या मॅग्नेशियमचे ब्रुसाइट. ऑलिव्हिनमधले थोडे लोह सर्पेंटाइनमध्ये मावत नाही. ते ऑक्सिडित होऊन मॅग्नेटाइट बनते आणि या क्रियेत पाण्यातला हायड्रोजन मोकळा होतो. सर्पेंटाइनमध्ये सुमारे १३ टक्के पाणी असते आणि घनता ३.३ वरून २.६ च्या घरात उतरते. दगड फुगतो, त्याला चिरा पडतात, चिरांतून आणखी पाणी शिरते. सूक्ष्मदर्शकाखाली जाळी दिसते: सर्पेंटाइनचे धागे आणि प्रत्येक चौकटीत ऑलिव्हिनचा उरलेला कण. किंबरलाइट या हिरे वर आणणाऱ्या ज्वालामुखी खडकातून आलेल्या झेनोलिथांत हा प्रकार इतका सर्रास आढळतो की सायबेरियातील उदाच्नाया खाणीच्या पूर्व भागातला ताजा किंबरलाइट त्या ताजेपणासाठीच प्रसिद्ध आहे.

बेसाल्टमधल्या झेनोलिथांत वेगळी खूण दिसते. ऑलिव्हिनच्या कडा आणि चिरा तांबूस-तपकिरी होतात. याला इडिंगसाइट म्हणतात, पण ते एक खनिज नव्हे. गोएथाइट हे लोहाचे खनिज आणि स्मेक्टाइट ही चिकणमाती यांचे ते बारीक मिश्रण आहे. ते बनताना मॅग्नेशियम वाहून जाते आणि लोह मागे राहते. त्यामुळे मॅग्नेशियम आणि लोह यांच्या गुणोत्तरावरून प्रावरणाबद्दल बोलायचे असेल, तर इडिंगसाइट असलेला दगड दळून चालत नाही. लाल रंगाचा आणखी एक प्रकार इथे गोंधळ घालतो. ज्वालामुखीच्या तोंडाशी साचलेल्या गरम, हवेशीर राखेत काही काळ पडून राहिलेल्या ऑलिव्हिनमध्ये हेमेटाइटचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि दाणा लालसर किंवा इंद्रधनुषी चमकू लागतो. त्यात पाण्याचा संबंध नसतो. दाणा कठीणच राहतो, सुईच्या टोकाने खरवडला जात नाही. इडिंगसाइट खरवडले जाते.

तिसरी गोष्ट कॅल्साइटची. कोरड्या प्रदेशात भूजलातले कॅल्शियम कार्बोनेट दगडाच्या फटींत साचते आणि आपल्याबरोबर स्ट्रॉन्शियम आणते. पेरिडोटाइटमध्ये स्वतःचे स्ट्रॉन्शियम इतके कमी असते की या बाहेरच्या भरतीने समस्थानिकांचे गुणोत्तर पार बदलून जाते. थंड, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून बुडबुडे आले तर कॅल्साइट आहे हे कळते. पण बुडबुडे आले नाहीत म्हणून कार्बोनेट नाही, असे मात्र नाही, कारण डोलोमाइट आणि मॅग्नेसाइट थंड आम्लाला दाद देत नाहीत.

प्रयोगशाळेत ताजेपणाची चाचणी म्हणून चूर्ण साधारण १,००० अंश सेल्सिअसला तापवून किती वजन घटते ते पाहतात. इथे एक सापळा आहे. तापवताना पाणी निघून जाते, पण त्याच वेळी दगडातले फेरस लोह हवेतला ऑक्सिजन घेते आणि वजन वाढते. ८ टक्के फेरस ऑक्साइड पूर्ण ऑक्सिडित झाले, तर वजन सुमारे ०.९ टक्के वाढते. म्हणून अगदी ताज्या पेरिडोटाइटची घट ऋण येते, आणि घट शून्य आली तर दगडात जवळपास ०.९ टक्के पाणी लपलेले असू शकते. शून्य म्हणजे कोरडा, असे समजू नये.

वाटेतले काही तास

आता प्रवास. पेरिडोटाइट शिलारसापेक्षा जड असतो: ३.३ विरुद्ध साधारण २.७ किंवा २.८. म्हणजे तो बुडायला हवा. वर यायचे तर शिलारसाने त्याच्या बुडण्याच्या वेगापेक्षा जोरात चढायला हवे. वीस-तीस सेंटिमीटरच्या गोळ्यासाठी हा वेग सेकंदाला काही डेसिमीटर निघतो. अर्धा मीटर धरला, तर ६० किलोमीटरचा प्रवास ३३ तासांत होतो. वाटेत मोठ्या कोठीत विसावणाऱ्या शिलारसातून झेनोलिथ खाली बसून जातात. म्हणूनच ते न थांबता चढणाऱ्या अल्कली बेसाल्टमध्ये आणि किंबरलाइटमध्ये सापडतात, अल्कली कमी असलेल्या साध्या थोलेइटिक बेसाल्टमध्ये जवळजवळ नाहीतच.

एक-दोन दिवसांत काय बिघडणार, असे वाटेल. बरेच काही बिघडते.

सर्वांत आधी मार खाते ते ऑर्थोपायरॉक्सिन. अल्कली बेसाल्टमध्ये सिलिका कमी असते, ४२ ते ४५ टक्के. अशा शिलारसाशी ऑर्थोपायरॉक्सिनचे जमत नाही. त्यातला प्रत्येक सिलिकॉन एका मॅग्नेशियमसोबत असतो, ऑलिव्हिनमध्ये मात्र एका सिलिकॉनमागे दोन मॅग्नेशियम. म्हणून ऑर्थोपायरॉक्सिन विरघळताना त्याचे ऑलिव्हिन बनते आणि उरलेली सिलिका द्रवात जाते. झेनोलिथाच्या कडेला ऑर्थोपायरॉक्सिनभोवती बारीक ऑलिव्हिन, क्लायनोपायरॉक्सिन आणि काच यांची झालर दिसते. ती काच तपासली तर सिलिका ५५ ते ६५ टक्के निघते. अशी काच पाहून ‘प्रावरणात सिलिकासंपन्न द्रव फिरत होता’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. आधी पाहायचे ते हे, की काच ऑर्थोपायरॉक्सिनला चिकटूनच आहे का, आणि बाहेरच्या बेसाल्टच्या कडेपासून आत जाताना ती कमी होत जाते का. दोन्ही उत्तरे हो असतील, तर तो द्रव वाटेतलाच.

किंबरलाइटमध्ये हीच क्रिया फार मोठे काम करते. त्याचा मूळ द्रव कार्बोनेटने भरलेला आणि सिलिकाने गरीब असतो. तो प्रावरणातून जाताना ऑर्थोपायरॉक्सिन गिळतो, त्यामुळे द्रवातली सिलिका वाढते आणि कार्बन डायऑक्साइड विरघळून राहण्याची क्षमता घटते. वायू फसफसून बाहेर पडतो, द्रव हलका होतो आणि आणखी वेगाने चढतो. २०१२ मध्ये मांडलेल्या या कल्पनेमुळे एक जुने कोडेही सुटते. किंबरलाइटमध्ये ऑलिव्हिनचे सुटे दाणे खच्चून भरलेले असतात, पण ज्या खडकातून ते सुटले त्यात पाव हिस्सा असलेले ऑर्थोपायरॉक्सिन जवळपास दिसतच नाही. ते खर्ची पडलेले असते.

क्लायनोपायरॉक्सिनची गोष्ट वेगळी. त्याच्या कडा स्पंजासारख्या होतात, भोके आणि काचेचे थेंब यांनी भरलेल्या. दाब एकदम उतरला की खनिजाचा काही भाग वितळतो. सोडियम आणि अ‍ॅल्युमिनियम द्रवात जातात. मागे उरलेल्या पायरॉक्सिनमध्ये कॅल्शियम वाढलेले असते. तापमान काढण्यासाठी दोन पायरॉक्सिनांचे रसायन वापरतात. मोजणीचा बिंदू या स्पंजी कडेवर पडला, तर निघणारे तापमान प्रावरणाचे नसते. बिंदू नेहमी दाण्याच्या गाभ्यात घ्यावा.

गार्नेटभोवती काळपट, तंतुमय कडे येते. त्याला केलिफाइट म्हणतात. गार्नेट आणि शेजारचे ऑलिव्हिन यांचे कमी दाबाला दोन्ही पायरॉक्सिन आणि स्पिनेल बनते, म्हणून ते कडे. त्यात पुष्कळदा फ्लोगोपाइटही असते, आणि ते बहुधा किंबरलाइटने आणलेल्या पोटॅशियम व पाण्याचे. दगडात फ्लोगोपाइट ‘आहे’ एवढे लिहून भागत नाही, ते कुठे आहे हेही लिहावे लागते. केलिफाइटमधले अभ्रक आणि इतर दाण्यांशी १२० अंशांच्या कोनात शांतपणे भिडलेले अभ्रक ही दोन वेगळी साक्ष आहे. दुसऱ्याला स्थिरावायला पुष्कळ वेळ मिळालेला असतो.

प्रवास पुरावा घालतो तसा पुसतोही. अँफिबोल हे पाणी धरून ठेवणारे खनिज प्रावरणात साधारण ९०-१०० किलोमीटरपर्यंत टिकते. वर येताना तापमान वाढले आणि दाब घटला की ते फुटते. मागे काचेचा, बुडबुड्यांचा एक कप्पा राहतो, ज्यात छोटे ऑलिव्हिन, क्लायनोपायरॉक्सिन आणि स्पिनेल तरंगत असतात. अशा कप्प्याचे सरासरी रसायन काढून ते अँफिबोलशी जुळते का हे पाहिले, तर तिथे पूर्वी काय होते ते कळू शकते. मी तर म्हणेन, काच दिसली की ती टाकून देण्याआधी हा हिशेब प्रत्येक वेळी करावा.

ऑलिव्हिन आणि बेसाल्ट जिथे थेट भिडतात तिथे लोह आत शिरते आणि मॅग्नेशियम बाहेर पडते. गाभ्यात ९० टक्के असलेला मॅग्नेशियमयुक्त घटक कडेला ८० पर्यंत उतरतो. १,२०० अंशांना या विसरणाची मजल एका दिवसात ४ मायक्रोमीटरच्या आसपास जाते. अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या पटीत वाढते, म्हणून शंभर दिवसांत ४० मायक्रोमीटर. बदललेल्या कडेची जाडी मोजली की दगड द्रवात किती काळ होता याचा अंदाज येतो. हायड्रोजन याच्या कितीतरी पट चपळ असतो. ऑलिव्हिनमध्ये दशलक्षात काही भाग ते काही दहा भाग इतके पाणी हायड्रोजनच्या रूपाने दडलेले असते आणि ते काही तासांत मिलिमीटरच्या अंतराने घटते. ज्या दगडाच्या ऑलिव्हिनमध्ये गाभ्यापासून कडेपर्यंत पाणी उतरत गेलेले दिसते, त्यातील तो उतार म्हणजे चढाईचे घड्याळच. पायरॉक्सिन आपले पाणी त्या मानाने जपून ठेवतात. म्हणून प्रावरण किती ओले, हे ठरवताना ऑलिव्हिनच्या आकड्यावर एकट्याने विसंबू नये.

प्रावरणातला बदल

हे दोन थर सोलल्यावर जे उरते, त्याला मेटासोमॅटिझम म्हणतात: घन खडकातून द्रव झिरपून त्याचे रसायन बदलणे. प्रावरणातल्या या प्रकाराकडे गांभीर्याने पाहायला लावणारा एक अभ्यास फ्रेडरिक फ्रे आणि डेव्हिड ग्रीन यांनी १९७४ मध्ये व्हिक्टोरियातील झेनोलिथांवर केला. त्यांना एक विसंगती आढळली. या दगडांतून पूर्वी कधीतरी बेसाल्ट वितळून निघून गेलेला होता, हे कॅल्शियम आणि अ‍ॅल्युमिनियमच्या टंचाईवरून उघड होते. वितळताना लँथनमसारखी मूलद्रव्ये सर्वांत आधी पळतात. मग तीच इथे विपुल कशी? खडक आधी ओसरला आणि नंतर दुसऱ्या कुठल्या तरी द्रवाने त्यात भर घातली, असे दोन टप्पे मानल्याखेरीज उत्तर निघत नव्हते.

ही भर दोन तऱ्हेने दिसते. कधी नवे खनिज उगवते: अँफिबोल, फ्लोगोपाइट, अ‍ॅपेटाइट. ते डोळ्यांना दिसते. कधी नवे खनिज एकही नसते, पण जुन्या क्लायनोपायरॉक्सिनमध्ये लेशमात्र मूलद्रव्ये वाढलेली असतात. बॅरी डॉसन यांनी १९८४ मध्ये या दुसऱ्या प्रकाराला गुप्त मेटासोमॅटिझम म्हटले. गुप्त प्रकार आणि मघाचा एक टक्का बेसाल्ट यांच्यात फरक कसा करायचा, याचे उत्तर क्लायनोपायरॉक्सिनच्या गाभ्यात आहे. विरल मृदा मूलद्रव्ये या खनिजात इतकी मंद सरकतात की १,२०० अंशांना आठ-दहा दिवसांतही एक मायक्रोमीटर ओलांडत नाहीत. दाण्याच्या मध्यभागी लँथनम वाढलेले असेल, तर ते वाटेतल्या शिलारसाने घातलेले असूच शकत नाही.

द्रवाची जात ओळखणे हा पुढचा भाग. कार्बोनेटचा द्रव असेल, तर तो ऑर्थोपायरॉक्सिन खातो आणि त्याबदल्यात क्लायनोपायरॉक्सिन व ऑलिव्हिन देतो. कार्बन डायऑक्साइड सुटून जातो. खडकाची जातच बदलते. ऑर्थोपायरॉक्सिन संपून वेरलाइट, म्हणजे ऑलिव्हिन व क्लायनोपायरॉक्सिन यांचा खडक उरतो. ही क्रिया साधारण ६० किलोमीटरच्या आसपास आणि त्याहून उथळ भागात घडते. खाली कार्बोनेट ऑर्थोपायरॉक्सिनच्या शेजारी टिकते. यात सुटलेला वायू ऑलिव्हिनमधल्या सूक्ष्म पोकळ्यांत अडकतो. एडविन रोडर यांनी १९६५ मध्ये जगभरच्या अशा गोळ्यांत द्रवरूप कार्बन डायऑक्साइडचे बिंदू दाखवून दिले. ते ओळखायला मोठे उपकरण लागत नाही. पातळ काप ३१ अंशांच्या वर जरा तापवला की बिंदूतली द्रव आणि वायू यांच्यातली सीमारेषा नाहीशी होते आणि थंड होताच परत येते.

कार्बोनेटी द्रवाची आणखी एक निशाणी म्हणजे टायटॅनियम. हा द्रव विरल मृदा मूलद्रव्ये मुबलक आणतो, पण टायटॅनियम आणत नाही. म्हणून क्लायनोपायरॉक्सिनमध्ये टायटॅनियम आणि युरोपियम यांचे गुणोत्तर १,५०० च्या खाली घसरते. सिलिकेट शिलारस झिरपला असेल, तर ते वरच राहते. जिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो, तिथे चित्र उलटे होते. बुडत्या भूपट्टातून निघालेले सिलिकासंपन्न द्रव ऑलिव्हिन खातात आणि ऑर्थोपायरॉक्सिन बनवतात. कामचात्कातील अवाचा ज्वालामुखीच्या झेनोलिथांत अशा तंतुमय ऑर्थोपायरॉक्सिनच्या शिरा उघड दिसतात.

एकच द्रव एकाच खडकात वेगवेगळ्या ठिकाणी वेगळा परिणाम करतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. झिरपताना द्रव वाटेतल्या खनिजांशी मूलद्रव्यांची देवाणघेवाण करतो. खनिजांना जे नकोसे असते, उदाहरणार्थ लँथनम, ते द्रवाबरोबर पुढे जाते. यटर्बियम खनिजांत अडकत मागे पडते. टीपकागदावर शाईचे रंग वेगळे होतात तसेच हे. उगमाजवळचा खडक सगळ्याच मूलद्रव्यांनी भरतो. लांबच्या खडकात फक्त लँथनम आणि त्याचे हलके सोबती पोचतात. दोन दगडांचे तक्ते वेगळे दिसले म्हणून दोन वेगळे द्रव मानायची घाई करू नये. कदाचित एक दगड शिरेपासून हातभर आणि दुसरा पन्नास मीटर दूर असेल.

हिरे शोधणाऱ्यांना या सगळ्यात फार रस असतो, आणि तो रास्त आहे. कॅल्शियम कमी व क्रोमियम जास्त असलेले गार्नेट हे हिऱ्यांच्या सोबतीचे चांगले चिन्ह. नंतरच्या द्रवाने त्यात कॅल्शियम आणि टायटॅनियम वाढवले असेल, तर तोच द्रव बहुधा ऑक्सिडीकारक असतो आणि त्याने हिरे गिळलेले असू शकतात.

करवतीपासून लेझरपर्यंत

नमुना निवडताना आकार महत्त्वाचा. दहा सेंटिमीटरपेक्षा लहान गोळ्यात बेसाल्टच्या झळीपासून वाचलेला गाभा फार थोडा उरतो. मोठा गोळा मधोमध कापून, बेसाल्टला लागून असलेला किमान १ ते २ सेंटिमीटरचा भाग काढून टाकतात. पण तो फेकू नये. कडेपासून आत १-१ सेंटिमीटरच्या चकत्या वेगळ्या तपासल्या आणि पोटॅशियम, बेरियम आत जाताना उतरत गेले, तर झिरपणीचा पुरावा हाती येतो. करवतीचे धातू दगडावर राहतात, म्हणून कापलेली बाजू सिलिकॉन कार्बाइडच्या कागदावर घासून, अतिशुद्ध पाण्यात ध्वनिलहरींनी धुतात.

दळण्याचे भांडे अगेटचे असावे. टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यातून टंगस्टन, कोबाल्ट आणि टँटलम उतरते, पोलादी भांड्यातून लोह आणि क्रोमियम. पेरिडोटाइटमध्ये टँटलम नगण्य असते, त्यामुळे भांड्याची भेसळ हीच मापनाचा मोठा हिस्सा होऊन बसते. दाणे २ ते ५ मिलिमीटरचे असतील, तर ५० ग्रॅमचा तुकडा दगडाचे प्रतिनिधित्व करत नाही. एखादा जादा क्लायनोपायरॉक्सिनचा दाणा कॅल्शियमचा आकडा हलवून जातो. काही शे ग्रॅम तरी दळावे.

समस्थानिकांसाठी स्वच्छ दाणे द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली हाताने वेचतात आणि हायड्रोक्लोरिक आम्लात धुतात. अशा धुण्याने कणसीमांवरचा कॅल्साइट, माती आणि बेसाल्टचे पापुद्रे जातात. मात्र अ‍ॅपेटाइटही याच आम्लात विरघळते, आणि प्रावरणात उगवलेल्या अ‍ॅपेटाइटमध्ये विरल मृदा मूलद्रव्यांचा मोठा साठा असू शकतो. धुतलेले पाणी गटारात गेले, तर प्रावरणाचा पुरावाही त्यासोबत जातो. ते पाणी वेगळे ठेवून स्वतंत्रपणे मोजावे, यात आळस करू नये.

३० मायक्रोमीटर जाडीचा काप नीट पाहूनच मोजणीचे बिंदू ठरवावेत. इलेक्ट्रॉन शलाकेने काच मोजताना शलाका ५-१० मायक्रोमीटर रुंद आणि प्रवाह कमी ठेवतात. तसे न केल्यास सोडियम शलाकेखालून पळते आणि आकडा खोटा कमी येतो. लेशमात्र मूलद्रव्यांसाठी लेझरने दाण्याचा कण उडवून तो मोजतात. त्याचा खड्डा सहसा ५० ते १०० मायक्रोमीटरचा. संकेत वेळेनुसार उलगडून पाहिला, तर बेरियमची अचानक उसळी दिसते. तिथे लेझर एखाद्या चिरेत किंवा काचेच्या थेंबात शिरलेला असतो. तो भाग सरासरीतून वगळायचा.

मग शेवटचा हिशेब. प्रत्येक खनिजाचे प्रमाण गुणिले त्यातले पोटॅशियम, आणि तसेच इतर प्रत्येक मूलद्रव्य, अशी बेरीज करून ती अख्ख्या दगडाच्या आकड्यातून वजा करायची. उरलेल्या मूलद्रव्यांची आपसांतली गुणोत्तरे बाहेरच्या लाव्ह्याशी जुळली, तर ती झिरपलेला बेसाल्ट. फक्त स्ट्रॉन्शियम, बेरियम आणि कॅल्शियम उरले, तर भूजल. काहीच उरले नाही, तर दगडातले सगळे पोटॅशियम त्याच्या खनिजांत बसलेले आहे.

यातही एक प्रकार हिशेबाला चकवतो. काही झेनोलिथांतून अँफिबोलची काळी शीर जाते आणि तिचे समस्थानिक त्याला वर आणणाऱ्या लाव्ह्याशी तंतोतंत जुळतात. गुणोत्तरे सांगतात की हा त्याच शिलारसाचा भाऊबंद आहे. पण शिरेलगतच्या ऑलिव्हिनकडे पाहावे. समजा ३ मिलिमीटरचा दाणा आहे आणि त्यातला मॅग्नेशियमयुक्त घटक ९० वरून ८५ वर उतरलेला आहे, तोही कडेपासून गाभ्यापर्यंत सारखाच. एवढा दाणा विसरणाने असा एकजीव व्हायला १,२०० अंशांना काही शतके लागतात, १,००० अंशांना हजारो वर्षे. वर यायला मिळाले होते एक-दोन दिवस. म्हणजे ती शीर आधीच्या एखाद्या लोंढ्याची, जो प्रावरणातच गोठून राहिला होता, आणि तिच्यातले पोटॅशियम हा दगड उचलला जाण्याच्या कितीतरी आधी तिथे येऊन बसलेले होते.